एकांताचा साक्षीदार : संत एगिदियसची हरिणी आणि चक्रधरांचा ससा

१

एकांतवासी संताचे चरित्र ही कल्पनाच मुळात अंतर्विरोधी आहे. जो माणूस लोकांपासून दूर गेला, आपला माग कोणाला लागू नये अशी काळजी ज्याने घेतली, त्याचे चरित्र पाहिले कोणी आणि सांगितले कोणी? राजाच्या चरित्राला दरबार असतो, आचार्याच्या चरित्राला शिष्यमंडळ असते, हुतात्म्याच्या चरित्राला तर मारेकऱ्यांसह सगळा चव्हाटा साक्षीला असतो. एकांतवाशाला साक्षीदार नसतो. असला तर एकांत उरत नाही. तरीही मध्ययुगीन ख्रिस्ती जगातील आणि भारतातील अत्यंत लोकप्रिय संतकथांमध्ये एकांतवाशांच्या कथा आहेत. म्हणजे हा अंतर्विरोध त्या त्या परंपरेने कोणत्या तरी मार्गाने सोडवला असला पाहिजे. तो कसा सोडवला, हा प्रश्न केवळ कथनतंत्राचा नाही. आख्यायिकेला इतिहासाचे साधन म्हणून वापरायचे की नाही आणि वापरायचे तर कशा रीतीने, हा वाद त्याच प्रश्नापाशी येऊन थांबतो.

चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात जेरोमने थीब्जच्या पौलाचे चरित्र लॅटिनमध्ये लिहिले. पौल हा आद्य एकांतवासी. तो वाळवंटातील गुहेत आयुष्यभर एकटा राहिला. जेरोमपुढे अडचण उघड होती. त्याने ती अशी सोडवली : वृद्ध अँटनी हा दुसरा एकांतवासी पौलाचा शोध घेत अगदी शेवटच्या दिवशी गुहेपाशी पोचतो, दोघे बोलतात, पौल मरण पावतो, दोन सिंह येऊन त्याचे थडगे खणतात आणि अँटनी पौलाचे ताडपत्री वस्त्र घेऊन परततो. साक्षीदार आला आणि साक्षीची वस्तूही आली. मधल्या अनेक दशकांविषयी जेरोम जवळजवळ काहीच सांगत नाही. त्याला ते सांगता येणारही नव्हते. पुढच्या हजार वर्षांत एकांतवाशाच्या कथेने हाच नमुना गिरवला. कथा खऱ्या अर्थाने सुरू होते ती एकांत भंगतो त्या क्षणी, आणि तो कोण भंगतो यावर कथेचे सारे राजकारण अवलंबून असते.

प्रस्तुत लेखात दोन कथा शेजारी ठेवून हे विधान तपासायचे आहे. एक आहे फ्रान्सच्या दक्षिणेतील संत एगिदियसची. फ्रेंचमध्ये त्याला जील म्हणतात, इंग्रजीत जाइल्स. दुसरी आहे आपल्या विदर्भाशी निगडित असलेल्या श्रीचक्रधरांच्या एकाकी भ्रमणाची, जी ‘लीळाचरित्रा’च्या ‘एकांक’ या भागात आली आहे. दोन्हींत पारध्यांपुढे पळणारे भेदरलेले जनावर एकांतवाशाच्या आश्रयाला येते. येथवर साम्य आहे. त्यापुढे दोन्ही कथा ज्या दिशांना जातात, त्या दिशांतच आपल्याला रस आहे.

२

एगिदियसचे लॅटिन चरित्र दहाव्या शतकातले असून लेखक अनाम आहे. त्यातील कथा थोडक्यात अशी. एगिदियस अथेन्सच्या उच्च कुळात जन्मला. एका आजारी भिकाऱ्याला त्याने अंगावरचे वस्त्र दिले आणि तो बरा झाला. अशा गोष्टींमुळे लौकिक वाढू लागला, तेव्हा लौकिकाला भिऊन तो समुद्रमार्गे पश्चिमेला निघाला. मार्सेयला उतरून आर्ल येथे बिशप सेसारियसजवळ काही काळ राहिला. तेथेही नाव झाले, म्हणून तो वेरेदेमियस नावाच्या एकांतवाशाकडे गेला, आणि अखेर ऱ्होन नदीच्या मुखाजवळील दाट अरण्यात शिरला. तेथे एका गुहेत तो कंदमुळांवर राही आणि एक हरिणी रोज येऊन त्याला दूध देई.

एके दिवशी राजाचे शिकारी त्या हरिणीच्या मागे लागले. ती गुहेत शिरून संताच्या पायांशी आली. कुत्री गुहेजवळ येईनात. ती दुरूनच भुंकत परत फिरली. दुसऱ्या दिवशी राजा स्वतः आला. एका शिकाऱ्याने झुडपात आंधळा बाण सोडला. झुडूप तोडून लोक आत गेले, तेव्हा त्यांना रक्ताने माखलेला एक वृद्ध संन्यासी आणि त्याच्या आश्रयाला बसलेली हरिणी दिसली. राजाने क्षमा मागितली, वैद्य पाठवले, धन देऊ केले. एगिदियसने वैद्य नाकारले आणि जखम कधी भरू नये अशी प्रार्थना केली; दुर्बलतेतच सामर्थ्य पूर्ण होते या पौलवचनाचा तो आधार होता. धनाविषयी मात्र त्याने राजाला सुचवले की त्यातून मठ बांधावा. राजाने अट घातली की मठाचा अधिपती त्यानेच व्हावे. एकांतवासी मठाधिपती झाला. पुढे तो रोमला गेला, पोपने मठाला संरक्षण दिले आणि सुरूच्या लाकडाचे दोन कोरीव दरवाजे भेट दिले. एगिदियसने ते टायबर नदीत सोडले आणि ते तरंगत त्याच्या मठाजवळच्या किनाऱ्याला लागले.

ही कथा युरोपभर पसरली. सुमारे ११७० च्या सुमारास गीयोम द बेर्नव्हील याने ती अँग्लो-नॉर्मन पद्यात आणली. तेराव्या शतकात याकोबुस द वोराजिने याच्या ‘सुवर्ण आख्यायिका’ या संतकथासंग्रहात तिला स्थान मिळाले. भरू न दिलेल्या जखमेमुळे एगिदियस पंगूंचा, रोग्यांचा, भिकाऱ्यांचा कैवारी ठरला. चौदा साहाय्यक संतांच्या मालिकेत त्याची गणना झाली. ऱ्होनच्या मुखाजवळील त्याचे समाधिस्थान सांतियागोच्या यात्रामार्गावरचे मोठे ठाणे बनले. एडिंबरोच्या प्रमुख चर्चला आजही त्याचे नाव आहे, आणि १ सप्टेंबर हा त्याचा स्मृतिदिन आहे.

३

इतिहासकाराने या कथेपुढे काय करावे? आर्लचा बिशप सेसारियस ५४२ साली वारला. कथेतल्या राजाचे नाव फ्लावियस; पुढच्या अभ्यासकांनी तो ६७२ ते ६८० या काळात राज्य करणारा व्हिसिगॉथ राजा वांबा असावा असे मानले. एकच माणूस या दोघांना भेटू शकत नाही. कथेच्या आणखी एका प्रकरणात चार्ल्स नावाचा सम्राट येतो. त्याने उच्चारायला न धजलेले पाप देवदूत कागदावर लिहून वेदीवर ठेवतो. हा चार्ल्स शार्लमेन मानला तर कालगणना आणखी विस्कटते. विवेकवादी टीकाकाराचा पहिला हात येथे काटछाट करण्याकडे जातो : चमत्कार वगळा, कालविपर्यास वगळा, मग जे उरेल ते चरित्र. पण असे सारे वगळल्यावर एगिदियसविषयी उरते काय? ऱ्होनकाठी कधीतरी एक एकांतवासी असावा, एवढेच.

इपोलित दलेये (१८५९–१९४१) या जेझुइट अभ्यासकाने १९०५ साली संतांच्या आख्यायिकांवर जे पुस्तक लिहिले, त्याचे महत्त्व या ठिकाणी कळते. संतांची चरित्रे चिकित्सकपणे संपादण्याच्या ज्या बोलांदवादी परंपरेत तो काम करीत होता, तिने १६४३ पासून खंडामागून खंड काढले होते. दलेयेने चमत्कारांची थट्टा केली नाही आणि त्यांचे समर्थनही केले नाही. आख्यायिका कशी घडते, लोकस्मृती नावे कशी गोळा करते, लेखक जुने साचे नव्या संतावर कसे चढवतो, याचे नियम त्याने शोधले. त्याचा धडा थोडक्यात असा की आख्यायिका ही ज्या माणसाविषयी आहे त्याच्यापेक्षा ज्यांनी ती सांगितली त्यांच्याविषयी अधिक विश्वसनीय पुरावा असते.

तो नियम लावला की एगिदियसचे चरित्र बोलू लागते. नवव्या-दहाव्या शतकांत या मठाचा नीम येथील बिशपशी अधिकाराचा झगडा चालू होता. मठ थेट पोपच्या छत्राखाली आहे असा मठवासीयांचा दावा होता. आता कथेतले पोपचे दरवाजे पाहावेत. मठाची दारे रोमहून आली आहेत, बिशपच्या नगरातून नव्हे. आणि ती कोणी वाहून आणलेली नाहीत, दैवी प्रवाहाने आली आहेत. हा हक्कलेखच आहे, फक्त लाकडाचा. शिकारी राजाही असाच आहे. मठाच्या स्थापनेला राजाचे दान हवे, पण राजाच्या उपकाराखाली मठाने असू नये. म्हणून राजा अपराधी होऊन येतो. त्याच्या बाणाने संत जखमी झाला आहे. दान हे प्रायश्चित्त आहे. जखम बरी न होणे हे भक्तिदृष्ट्या नम्रतेचे लक्षण असेल, पण मठाच्या दृष्टीने ते कधीही न फिटणारे राजऋण आहे.

म्हणजे एगिदियसच्या एकांताचा साक्षीदार राजा आहे. त्याने झुडूप तोडले नसते तर कथा झाली नसती. एकांत संपून संस्था सुरू होते आणि ती संस्थाच पुढे त्या एकांताचे स्मरण करते. हरिणी या व्यवहारातली मुकी मध्यस्थ आहे. राजाला गुहेपर्यंत आणून सोडले की तिचे काम संपते. मठ उभा राहिल्यावर ती कथेत फारशी दिसत नाही.

४

ऱ्होनच्या मुखापासून वर्धा नदीच्या खोऱ्याकडे वळायचे ते याच प्रश्नाची दुसरी बाजू पाहण्यासाठी. वर्धा जिल्ह्यातील कारंजा (घाडगे) हे तालुक्याचे गाव नागपूर–अमरावती महामार्गावर आहे. नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून दत्तसंप्रदायात पूज्य असलेले कारंजा (लाड) ते वेगळे, वाशीम जिल्ह्यातले. घाडग्यांच्या कारंजापासून पूर्वेला रामटेक येते. पश्चिमेला निघून वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा लागतो, आणि मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आणि सातपुड्याच्या पायथ्याचे सालबर्डी ही दोन्ही स्थाने येतात. रामटेक, रिद्धपूर, सालबर्डी ही तिन्ही नावे महानुभाव वाङ्मयात वारंवार भेटतात. या पट्ट्याचा मध्ययुगीन नकाशा आपल्याला मुख्यतः त्याच वाङ्मयाने दिला आहे.

‘लीळाचरित्रा’चे एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे तीन भाग परंपरेने मानले जातात. ‘एकांक’ म्हणजे एकाकी असतानाचा काळ. पैठणला बाइसा आणि पुढे इतर भक्तमंडळी जोडली जाण्याच्या आधीचा. त्यातील कथानुसार भडोचचा प्रधान विशाळदेव याचा पुत्र हरिपाळदेव मरण पावतो आणि द्वारावतीचे चांगदेव राऊळ त्याच्या देहाचा स्वीकार करतात. पुढे हरिपाळदेव रामयात्रेच्या निमित्ताने घर सोडतो, वाटेत रिद्धपूरला येतो, आणि तेथे गोविंदप्रभूंच्या भेटीत त्याचे आयुष्य पालटते. नंतर सालबर्डीचा डोंगर. तेथे मुक्ताबाई नावाची तपस्विनी भेटते. म्हणजे एकांताच्या त्या प्रदेशात ते पहिले नव्हते आणि एकटे पुरुषही नव्हते. परंपरा या डोंगरातील वास बारा वर्षांचा सांगते. मग आंध्रापर्यंतचे भ्रमण, आणि पुढे लोणार, पैठण.

आज सालबर्डी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्या सीमेवर आहे. तेराव्या शतकातही तो मराठी मुलुखाचा काठच होता. एगिदियसचे अरण्यही राज्यांच्या कडेला, नदीमुखाच्या दलदलीत होते. हा योगायोग म्हणता येणार नाही. एकांतवासी निर्जन प्रदेशात जातो असे आपण सहज म्हणतो. वस्तुतः तो सत्तेच्या कडेला जातो, जेथे कर वसूल करणारा पोचत नाही पण शिकारी पोचतो. चक्रधरांनी पुढे आपल्या अनुयायांना जो आचार सांगितला, त्यात देशाच्या शेवटाला जावे, झाडाखाली काळ कंठावा, कोठेही आसक्ती जोडू नये असा उपदेश आहे. सूत्रपाठात तो आला आहे. ‘एकांक’ हा या उपदेशाचा जगलेला नमुना आहे.

५

या भ्रमणकाळातली सशाची लीळा मराठी वाचकाला परिचित आहे. तिचा आशय येथे आपल्या शब्दांत मांडणे पुरेसे होईल. चक्रधर एका झाडाखाली बसले आहेत. पारध्यांनी पाठलाग केलेला ससा धावत येतो आणि त्यांच्या मांडीखाली शिरतो. पारधी येतात आणि ससा मागतात. हा येथे शरण आला आहे, असे चक्रधर म्हणतात. पारधी सांगतात की ससा पैजेचा आहे. सोडला नाही तर आपसांत सुऱ्या चालतील. चक्रधर बसल्या जागेवरून बोलत राहतात : ही जनावरे रानात राहतात, गवत खातात, पाणी पितात; त्यांनी तुमचे काय केले? पारधी निरुत्तर होतात आणि पुन्हा पारध न करण्याचे मान्य करून निघून जातात. ते गेल्यावर चक्रधर गुडघा उचलतात, सशाला आदराने संबोधतात आणि आता जावे म्हणतात.

हरिणीच्या कथेशी साम्य पाहिले. आता भेद पाहावेत. पहिला भेद असा की येथे बाण नाही, जखम नाही, चमत्कार नाही. एगिदियसच्या कथेत कुत्री अदृश्य सीमेपाशी थांबतात. येथे थांबवण्याचे काम संवाद करतो. दुसरा भेद पारध्यांचा. तेथे शिकारी म्हणजे राजा आणि त्याचा लवाजमा. येथे पारधी साधे आहेत. ससा हातचा गेला तर पैज हरतील आणि आपसांत वैर होईल ही त्यांची खरी अडचण आहे. लीळा ती अडचण नोंदवते, त्यांना निव्वळ क्रूर ठरवत नाही. या एका पैजेच्या उल्लेखाने प्रसंग आख्यायिकेच्या साच्यातून निसटतो. साचा घडवणाऱ्याला अशा तपशिलाची गरज नसते, ऐकलेले सांगणाऱ्याला असते.

तिसरा भेद शेवटाचा. हरिणीच्या आश्रयस्थानी मठ उभा राहतो. सशाच्या आश्रयस्थानी काहीच उरत नाही : पारधी जातात, ससा जातो, चक्रधरही पुढे निघून जातात. राजाची भेट ‘एकांका’तही आहे. लोणारला यादव राजा कान्हरदेव चक्रधरांच्या दर्शनाला येतो आणि धन देऊ करतो. एगिदियसच्या कथेतला निर्णायक क्षण हुबेहूब येथे उपस्थित होतो, आणि काहीही न घडवता निघून जातो. त्या भेटीतून ना मठ निघाला ना अग्रहार. दान मिळवून देणारी कथा रचण्याची निकड असती तर हा प्रसंग तिच्यासाठी तयार होता. संप्रदायाने तो तसा वापरला नाही.

६

मग या एकांताचा साक्षीदार कोण? ‘एकांका’तील प्रसंग पाहायला शिष्य नव्हते. परंपरेचे उत्तर असे की हे स्वतः चक्रधरांनी पुढे बाइसा, नागदेव इत्यादी भक्तांना वेळोवेळी सांगितले. त्यांनी ते लक्षात ठेवले. म्हाइंभटांनी ते गोळा केले. म्हणजे येथे साक्षीदार बाहेरून झुडूप तोडून येत नाही. एकांतवासी स्वतःच, पुढच्या एखाद्या दुपारी, जवळच्या माणसांना आपला एकांत सांगतो. सशाच्या लीळेतला संवाद असा सांगण्यातूनच वाचला असावा असे मानायला जागा आहे. दोन बाजूंची बोलणी, पैजेची भीती, गुडघा उचलणे, हे सारे डोळ्यांनी पाहिलेल्याच्या अंगाने आले आहे, आणि त्या ठिकाणी सांगणारा एकटाच होता.

या साक्षीचे लेखन कसे झाले हेही पाहिले पाहिजे. सुमारे १२७४ साली चक्रधरांनी उत्तरापंथे प्रयाण केले. भक्तमंडळी रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात गेली, आणि त्यांच्याही निर्याणानंतर ती खऱ्या अर्थाने पोरकी झाली. ‘स्मृतिस्थळ’ हा ग्रंथ याच काळाचे चित्र देतो. अॅन फेल्डहाउस आणि शं. गो. तुळपुळे यांनी १९९२ साली त्याचे जे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, त्याच्या नावातच ईश्वराच्या अनुपस्थितीचा उल्लेख आहे. नागदेव लीळांचे स्मरण करीत राहिले. नाम, मूर्ती, लीळा, चेष्टा यांचे स्मरण हाच या पंथाचा नित्यविधी. या स्मरणाला अक्षररूप द्यावे असे म्हाइंभटांना वाटले. त्यांनी ज्यांनी ज्यांनी पाहिले-ऐकले होते त्यांच्याकडून प्रसंग मिळवले आणि नागदेवांकडून ते तपासून घेतले. यादवसत्तेच्या पडझडीच्या काळात मूळ पोथी नष्ट झाल्यावर संहिता पुन्हा स्मरणातून उभी करावी लागली. त्या पुनर्रचनेत हिराइसा या स्त्रीच्या स्मृतीचा वाटा मोठा मानला जातो.

या ठिकाणी ‘लीळाचरित्रा’चे एक वैशिष्ट्य लक्षात घेण्यासारखे आहे. एकाच प्रसंगाविषयी दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर संहिता त्यांतली एक पुसत नाही. अमुकाची वासना, तमुकाचा शोध अशा नोंदी ती शेजारी ठेवते. पाठभेद हा येथे लेखनिकाचा दोष राहत नाही. तो साक्षीदाराचा हक्क होतो. म्हाइंभटांच्या या कामाच्या एक-दोन दशके आधी याकोबुस इटलीत आपला संतकथासंग्रह सिद्ध करीत होता. त्यानेही वेगवेगळ्या आधारांची नोंद केली, क्वचित शंकाही व्यक्त केल्या. पण त्याचे आधार ग्रंथ होते. म्हाइंभटांचे आधार माणसे होती, आणि त्यांतल्या अनेक स्त्रिया होत्या. संस्कृतात लिहू पाहणाऱ्या केशवदेवाला नागदेवांनी मराठीत लिहावयास लावले, ते साध्या भक्तांना, विशेषतः स्त्रियांना, ग्रंथ पारखा होऊ नये म्हणून. ज्यांच्या स्मृतीतून ग्रंथ आला त्यांना तो वाचता-ऐकता आला पाहिजे, असा हा न्याय होता. एगिदियसला लोकभाषेत यायला लॅटिन चरित्रानंतर दीड-दोनशे वर्षे लागली.

अर्थात महानुभावांचे स्मरणही निर्हेतुक नव्हते. चक्रधर आणि गोविंदप्रभू यांच्या स्पर्शाने पावन झालेल्या स्थानांची यादी ‘स्थानपोथी’त पुढे केली गेली, त्या स्थानांवर ओटे झाले, त्यांना नमस्कार करण्याचा विधी झाला. रिद्धपूर हे पंथाचे मोठे क्षेत्र बनले. कोणतीही स्मृती फार काळ जागेशिवाय राहू शकत नाही. पण क्रम उलटा आहे हे विसरता येत नाही. ऱ्होनकाठी आधी जागा होती, तिच्या हक्कासाठी कथा आली. वऱ्हाडात आधी कथा होती, तिच्या मागे जागा शोधल्या गेल्या.

७

दोन कथांत एवढे साम्य असताना एकीचा दुसरीवर प्रभाव असेल काय, हा प्रश्न वाचकाच्या मनात येणारच. संतकथा देशोदेशी फिरतात याला एक मोठा पुरावा आहे : बुद्धाचे चरित्र इराण, अरबस्तान, जॉर्जिया, ग्रीस या वाटेने युरोपात गेले आणि बोधिसत्त्वाचा योसाफात झाला. बार्लाम हा एकांतवासी आणि योसाफात हा राजपुत्र असे दोघेही कॅथॉलिक संतसूचीत बसले. मराठीलाही कॅथॉलिक संतचरित्र अपरिचित नाही. सतराव्या शतकात गोव्यात आंतोनियो द साल्दान्य याने पादुआच्या संत अँटनीची जीवित्वकथा लिहिली, आणि अ. का. प्रियोळकरांनी ती आधुनिक वाचकांपुढे आणली. परंतु तेराव्या शतकातल्या वऱ्हाडात फ्रान्सची कथा पोचल्याचा कोणताही दुवा नाही, आणि तसा दुवा कल्पिण्याची आवश्यकताही नाही. शरणागताच्या रक्षणाची भारतीय परंपरा शिबी राजा आणि कपोत यांच्या कथेपासून चालत आली आहे. आश्रमाच्या सीमेवर मृगामागे धावणाऱ्या राजाला अडवणारे तपस्वी ‘शाकुंतला’च्या पहिल्याच अंकात आहेत.

भारतीय परंपरेतील एक कथा मात्र सशाच्या लीळेला विशेष प्रकाश देते. भागवतातला भरत राजा राज्य सोडून अरण्यात जातो, पुरात वाहून चाललेले हरिणाचे पाडस वाचवतो, त्याच्या मायेत गुंततो आणि पुढच्या जन्मी हरिण होतो. म्हणजे एकांतवाशाने प्राण्याला आश्रय देणे हे पुण्य असले तरी तेथे धोका आहे : आश्रय दिलेले आपले होऊन बसते. चक्रधर गुडघा उचलतात आणि सशाला जाऊ देतात, तेव्हा हा जुना धोका ओळखूनच जणू ती लीळा संपते. आश्रय मांडीखाली, पण मालकी नाही. हरिणी एगिदियसला दूध देत होती. ससा चक्रधरांना काही देत नाही, आणि त्यांच्याजवळ राहतही नाही.

या तुलनेवरून एका परंपरेला श्रेष्ठ ठरवणे चुकीचे होईल. एगिदियसच्या न भरणाऱ्या जखमेने शतकानुशतके पंगूंना आणि कुष्ठरोग्यांना नगराबाहेर आसरा मिळवून दिला. त्याच्या नावाची चर्चेस आणि रुग्णालये नगरांच्या वेशींजवळ उभी राहिली, ती त्या कथेमुळेच. संस्था होणे म्हणजे पतन होणे नव्हे. सशाच्या लीळेने अहिंसेचा आचार पंथात रुजवला, पण ती इमारत झाली नाही. दोन वेगळ्या गरजांतून आलेल्या या दोन साक्षी आहेत, एवढेच म्हणता येते.

८

‘लीळाचरित्र’ छापील स्वरूपात येऊ लागले ते हरि नारायण नेने यांच्यामुळे, १९३६ पासून. त्याआधी पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंदिस्त होत्या. नंतर तुळपुळ्यांची आणि १९७८ साली वि. भि. कोलत्यांची आवृत्ती आली. या संशोधनाचा मराठीवरचा उपकार निर्विवाद आहे. तरीही ‘एकांका’च्या वाचनात एक सवय आपल्याला अजून चिकटून आहे. पुरस्वीकाराची कथा आली की आपण तिला बाजूला सारतो, किंवा तिच्या आडून भडोचचा इतिहास शोधू लागतो. कान्हरदेव आला की आपण सन मोजतो. सशाची लीळा पाठ्यपुस्तकात भूतदयेचा धडा म्हणून जाते. या सगळ्यांत एक प्रश्न विचारायचा राहून जातो : ही गोष्ट कोणी, कोणाला, कशासाठी सांगितली?

हा प्रश्न विचारला की चमत्कार खरा की खोटा ही दोन टोकांची ओढाताण सैल होते. पुरस्वीकाराची कथा हा भडोचच्या राजवाड्याविषयीचा पुरावा नसला तरी रिद्धपुरात जमलेल्या माणसांनी आपल्या स्वामींचे परकेपण कसे समजून घेतले याचा उत्तम पुरावा आहे. तो गुजरातेतून आला, प्रधानपुत्राच्या देहात आला, पण मराठीत बोलला. हे कोडे त्यांना सोडवायचे होते. इतिहासाचे साधन म्हणून आख्यायिकेची किंमत ती सांगणाऱ्याच्या गरजेत असते, आणि ती गरज खरी असते.

रिद्धपूरला आता मराठी भाषेचे विद्यापीठ उभे राहिले आहे. त्या निमित्ताने म्हाइंभटांना आद्य गद्यकार म्हणून गौरवले जाते, ते योग्यच आहे. पण गद्याचा जन्म हे त्यांचे उद्दिष्ट नव्हते. एक माणूस निघून गेला होता. तो एकटा असताना कसा बसला, कोणाशी बोलला, सशाला काय म्हणाला, हे विसरले जाऊ नये यासाठी त्यांनी माणसांना विचारत जाण्याचा मार्ग धरला. जेरोमच्या अँटनीला वाळवंटातून ताडपत्री वस्त्र आणता आले. एगिदियसच्या मठाला दरवाजे मिळाले. म्हाइंभटांच्या हाती फक्त ऐकलेले शब्द होते, आणि दोघांनी वेगळे ऐकले असेल तर त्यांनी दोन्ही लिहून ठेवले. मराठीतील चरित्रलेखनाची आणि इतिहासलेखनाची आद्य शिस्त कोठे शोधावी असा प्रश्न असेल, तर ती या दोन्ही लिहून ठेवण्यात आहे.